टेर्नाच्या पोटातलं पाणी

१

टेर्नाच्या तळाची फळी उचलून तूरून एकवालने आत हात घातला, आणि तो मनगटापर्यंत पाण्यात बुडाला.

बोटीत पाणी सापडलं म्हणून काही आकाश कोसळत नाही. पण ही बोट दीड वर्षापासून जमिनीवर होती. स्टेनहोल्म बेटाच्या कातळावर, बोटघराला लागून, लाकडी घोड्यांवर टेकवलेली. वर ताडपत्री अशी ताणून बांधलेली की माशीलाही आत शिरायला परवानगी मागावी लागली असती. आणि ईस्टर उलटून गेला तरी किनाऱ्यावर पावसाचा टिपूस नव्हता. शेजारच्या बागेतले ट्यूलिप माना टाकून उभे होते.

"काय गं, गप्प का झालीस?" खालून सिक्स्तेनने विचारलं. बोटीचा मालक तो. पंच्याहत्तरीचा, हिवाळ्यात बर्फावर घसरून खुबा मोडून घेतलेला, दोन कुबड्यांवर तोललेला.

"सिक्स्तेन, हल्ली तू हिला आतून धुतलंस का?"

"या कुबड्या घेऊन? मलाच अजून बायको धुते."

"मग हिच्या पोटात पाणी कुठून आलं?"

सिक्स्तेनचा चेहरा उतरला. त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या एलिनोरचा त्याहून जास्त. एलिनोर मुख्य भूमीवर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, गेल्या उन्हाळ्यात शिडाची बोट हाकायला शिकली होती आणि टेर्नाच्या जाहिरातीतल्या फोटोवर अक्षरशः भाळली होती. तरी घेण्याआधी बोट तपासून घ्यावी एवढं शहाणपण तिला होतं. म्हणून तर तिने तूरूनला आणलं. जुन्या बोटी ठोकून, टोचून, हुंगून बघायच्या आणि कुठे पाणी मुरलंय ते सांगायचं, हाच तूरूनचा धंदा. किनाऱ्यावरचे विक्रेते तिला 'सौदेमोडी' म्हणत.

"म्हणजे कुजलीय का?" एलिनोरने हळूच विचारलं.

"ते बघायचंय अजून."

"कुजेल कशी?" सिक्स्तेन उसळला. "मी हिला आतून पुसून कोरडी केली होती. तळाचं बूच काढून घेतलं, ते आजही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलंय. भोक उघडं असताना पाणी साठेलच कसं?"

तूरून खाली उतरली आणि वाकून बोटीखाली शिरली. भोक उघडं नव्हतं. त्यात एक जाडसर बूच ठोकलेलं होतं, कडेने चाकूने तासलेलं, खालच्या अंगाला तपकिरी डागाळलेलं. बोटीचं बूच असं नसतं.

"कोणीतरी भोक बुजवलंय," ती म्हणाली, "आणि वरून पाणी ओतलंय. मुद्दाम."

सिक्स्तेन कुबड्या वळवून कुंपणापर्यंत गेला आणि शेजारच्या पिवळ्या घराच्या दिशेने ओरडला, "आल्वार, तू माणूस नाहीस, तू वाळवी आहेस."

पिवळ्या घराची खिडकी शांतपणे बंद झाली.

२

"आल्वारच कशावरून?" तूरूनने विचारलं. तिघं आता सिक्स्तेनच्या स्वयंपाकघरात बसले होते. दाराबाहेर दोरीवर एक ओला टॉवेल वाळत होता.

"त्याने शरदात बोट मागितली होती. मी म्हटलं, तुझ्या हाती दिली तर तू तिच्या शिडाचा टेबलावर घालायचा कपडा करशील. त्या दिवसापासून बोलणं बंद. आता त्याला वाटलं असणार, गिऱ्हाईक पळवून लावावं, मग मातीमोल किमतीत आपणच उचलावी."

"आणखी कोणाला ही बोट हवी होती?"

सिक्स्तेन कुरकुरतच म्हणाला, "हवी म्हणजे, ओसियानला. धक्क्यावर त्याचं कॅफे आहे ना. त्याला दारात जुनी बोट मांडून तिच्यात माती भरायची आहे. जिरेनियम लावायचेत म्हणे. उन्हाळ्यात पाहुणे फोटो काढतात. मी त्याला म्हटलं, जिवंत बोटीला कोणी पुरत नाही. तर म्हणतो, मरेल तेव्हा सांग."

"म्हणजे बोट कुजली तर त्याला फुकट मिळणार."

"तू त्याला ओळखत नाहीस. तो आळशी आहे. वाळवी आल्वारच."

एवढ्यात सिक्स्तेनची बायको योर्दिस थर्मास आणि दालचिनीचे पाव घेऊन आली. ठेंगणीशी बाई, केस अजून ओलसर, चाल मात्र तुरुतुरु. थर्मासच्या तोंडावर तिने एक बशी पालथी घातली होती.

"बोलणं ऐकू आलं," ती म्हणाली. "पाणी निघालं ना? मी पन्नास वर्षं सांगतेय, त्या बोटीच्या नादाने या घरात काही चांगलं झालेलं नाही. माझ्या लग्नात आम्ही तिघं होतो. मी, हा आणि ती."

"ऐकलंत?" सिक्स्तेन एलिनोरला म्हणाला. "म्हणूनच विकतोय. हिला सुखाने जगू दे आता."

"वाल्बोरीच्या सणाच्या शेकोटीत घाला म्हणाले होते मी तिला. अख्ख्या गावासमोर."

"म्हणाली होती," सिक्स्तेनने दुजोरा दिला. "बोटीत पाय ठेवला की हिला उलट्या होतात."

एलिनोरने कॉफीचा घोट घेतला आणि सभ्यपणे कप खाली ठेवला. तूरूननेही घेतला. कॉफी कोमट होती.

"बघ," सिक्स्तेन म्हणाला, "महिनाभर असली कॉफी पितोय. या थर्मासला कसला रोग लागलाय कोण जाणे."

"जुना झालाय," योर्दिस म्हणाली. "तुझ्यासारखाच."

एलिनोरने घड्याळाकडे पाहिलं. "तूरून, दुपारची फेरी गाठायची आहे मला. खरं सांग, हा नाद सोडून देऊ का?"

तूरूनने पावाचा तुकडा तोडला. "आधी एक गोष्ट करते. ते पाणी चाखून बघते."

"चाखून?"

"पाणी कुठून आलंय ते त्यालाच विचारायचं. दुसरं कोणी खरं सांगत नाही."

३

टेर्नाच्या पोटात हाताचं बोट बुडवून तूरूनने ते जिभेला लावलं. मग तिने मान वर केली आणि बोटघराच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर नळ होता. नळाला लांबलचक रबरी नळी गुंडाळलेली होती. हात लांब केला तर नळी थेट बोटीत सोडता आली असती.

"एलिनोर, चाख."

एलिनोरने नाक मुरडत बोट चाटलं. "खारट आहे."

"समुद्र कुठे आहे?"

दोघींनी खाली पाहिलं. कातळात खोदलेल्या वेड्यावाकड्या पायऱ्या, आणि त्यांच्या तळाशी हिरवंनिळं पाणी. रिकाम्या हातांनी चढलं तरी दम लागेल असा चढ.

"शेजारी नळ असताना हे एवढं पाणी कोणी खालून वाहून आणलं?" एलिनोर म्हणाली. "वेडा असेल तो."

"वेडा नव्हे. जाणता." तूरूनने तळफळीवर बसकण मारली. "गोड्या पाण्याने लाकूड कुजतं. खाऱ्या पाण्यात बुरशी धरत नाही, लाकूड टिकतं. आणि ही बोट फळीवर फळी चढवून बांधलेली आहे. अशी बोट जमिनीवर पडून राहिली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात; ओलावा मिळाला की फुगून मिटतात. गेल्या उन्हाळ्यात ही पाण्यात गेली होती का, विचारलंस तू?"

"नाही गेली. सिक्स्तेन म्हणाला, तेव्हाही खुबा दुखतच होता."

"मग एव्हाना हिच्या सांध्यांतून उजेड दिसायला हवा होता. दिसतोय?"

एलिनोर बोटीखाली वाकली. वरच्या फळ्यांत एखाददुसरी फट होती. तळाशी एकही नाही. इतकं पाणी आत साठलेलं असून खाली ओल्याचा डागसुद्धा नव्हता.

"बोट पाणी बाहेर जाऊ देत नाही," तूरून म्हणाली. "मग ती आत कशी येऊ देईल? कोणी हिला मारत नव्हतं, बाई. कोणी हिला जगवत होतं."

एलिनोरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. "मग तो कॅफेवाला सुटला. त्याला तर बोट मेलेली हवी होती. त्याने नळ सोडला असता."

"सुटला. आता सांग, बोट जिवंत हवी आणि गिऱ्हाईक मात्र पळायला हवं, असा कोण आहे?"

दोघींची नजर एकदमच कुंपणापलीकडच्या पिवळ्या घराकडे गेली. बंद खिडकीचा पडदा किंचित हलला.

४

दार उघडायला आल्वारला चौकटीत मान वाकवावी लागली, एवढा तो उंच होता. एके काळचा दीपगृहाचा राखणदार, आता नुसता खिडकीत बसणारा.

"वाळवी घरातच आहे," तो म्हणाला. "आत या."

त्याच्या खिडकीतून टेर्ना समोरच दिसत होती, पायऱ्यांसकट. खिडकीशी खुर्ची होती आणि खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती.

"तू दिवसभर इथे बसतोस?" तूरूनने विचारलं.

"बसतो."

"मग बोटीत पाणी कोण ओततं ते पाहिलं असशील."

आल्वारने पडदा सारखा केला. "नाही पाहिलं," तो म्हणाला.

"सिक्स्तेन म्हणतो, तूच ओतलंस."

"त्याला म्हणू दे."

"तुला राग नाही येत?"

"येतो ना," आल्वार म्हणाला. "पण राग आला म्हणून तोंड उघडायलाच हवं असं कुठे आहे?"

"निदान एवढं तरी सांग, बोट तुला अजून हवीय का?"

"मला?" तो पहिल्यांदा हसला. "या पाठीने? शरदात मागितली ती घेण्यासाठी नव्हती. सिक्स्तेनला तिच्याकडे बघणं होत नव्हतं, ती पडून होती. कोणीतरी मागितली म्हणजे तो चिडून तरी कामाला लागेल असं वाटलं. तो नुसताच चिडला."

बाहेर पडल्यावर एलिनोर म्हणाली, "मला तो आवडला. म्हणजे बहुतेक तोच असणार."

"खिडकीत बसून राहणारा माणूस, त्याच्यावर आळ आलेला, आणि तरी म्हणतो काही पाहिलं नाही." तूरून चालता चालता थांबली. "याने सगळं पाहिलंय. आणि जे पाहिलंय ते सांगायचं नाही असं त्याने ठरवलंय."

ती पुन्हा टेर्नापाशी आली, पण या वेळी बोटीत चढली नाही. तिच्या भोवतीच्या जमिनीकडे बघत सावकाश एक फेरी मारली. समुद्राकडच्या अंगाला, बोटीला अगदी चिकटून, मासळीची एक लाकडी पेटी पालथी घातलेली होती. पेटीवर वाळलेल्या मिठाचे पांढरे डाग होते.

तूरून स्वतः पेटीशेजारी उभी राहिली. बोटीचा काठ तिच्या खांद्याला लागला.

"एलिनोर, आल्वार इथे उभा राहिला तर काठ त्याला कुठे लागेल?"

"पोटाशी."

"त्याला पेटीवर चढावं लागेल?"

एलिनोर पेटीकडे पाहत राहिली. "तो नाही," ती हळूच म्हणाली. "मग राहिलं कोण?"

"चल," तूरून म्हणाली. "मला अजून थोडी कॉफी प्यायची आहे."

"ती? ती तर गार होती."

"म्हणूनच."

५

स्वयंपाकघरात सिक्स्तेन टेबलाशी बसून बायकोला बटाटे कसे सोलावेत ते सांगत होता. योर्दिस त्याच्याकडे पाठ करून, ओठ घट्ट मिटून सोलत होती.

तूरूनने खिशातून हात काढला आणि टेबलावर काहीच ठेवलं नाही. तिचा हात रिकामाच होता.

"ते बूच मी काढलेलं नाही," ती म्हणाली. "काढलं तर एवढ्या कष्टाचं पाणी वाहून जाईल. पण ते मी नीट पाहिलंय. जुन्या थर्मासचं आहे, कॉफीने डागाळलेलं. योर्दिस, तुझा थर्मास महिनाभर बशीने का झाकतेस?"

बटाटा सोलणं थांबलं.

सिक्स्तेनने आधी थर्मासकडे पाहिलं, मग बायकोकडे. "हिने? काहीतरीच. हिला ती बोट डोळ्यांसमोर नको असते."

"मलाही तेच वाटलं," तूरून म्हणाली. "पण बघ. पाणी ओतणारी व्यक्ती ठेंगणी आहे, काठापर्यंत पोचायला तिला पेटी लागते. ती रोज समुद्रापर्यंत जाते, आणि तिला तिथे बघून कोणाला नवल वाटत नाही. दोरीवर टॉवेल आहे, हिचे केस ओले आहेत. सकाळची बुडी मारायला जातेस ना, योर्दिस? येताना हात रिकामे नसतात. आणि बोटीचं खरं बूच तिला घेता आलं नाही, कारण ते तुझ्या डोक्यावरच्या खिळ्याला आहे, सिक्स्तेन, आणि तू दिवसभर त्या खिळ्याखालीच बसलेला असतोस. बाहेरच्या माणसाने बूच आपल्या घरून आणलं असतं. त्यासाठी या घरातली कॉफी गार झाली नसती."

मग योर्दिसने चाकू खाली ठेवला आणि एप्रनला हात पुसले.

"दुधाच्या किटलीने," ती म्हणाली. "बादली मला उचलत नाही. सकाळी तू गोळ्या घेऊन घोरत असतोस तेव्हा. आधी सगळं वाहूनच जायचं. थोडं राहायला लागलं तेव्हा वाटलं, चला, जमतंय."

"पण का?" सिक्स्तेनचा आवाज चिरकला. "तुझ्यासाठी विकतोय मी ती. पन्नास वर्षं तू..."

"पन्नास वर्षं मी बोलले. माझं ते बोलणं आहे, सिक्स्तेन. तू कधीपासून ऐकायला लागलास?" ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "तू एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत बोटीवर असायचास. घर माझं असायचं. रेडिओ माझा, टेबल माझं. संध्याकाळी तू यायचास तेव्हा सांगायला तुझ्याकडे काहीतरी असायचं, आणि ते ऐकायला मला आवडायचं. आता तू इथे बसतोस. बटाटे कसे सोलायचे ते मला शिकवतोस. मला, बटाटे."

एलिनोरने खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

"डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत चालशील," योर्दिस पुढे म्हणाली. "चालायला लागलास आणि खाली बघतोस तर बोट सुकून भेगाळलेली. मग काय केलं असतंस? मेला असतास खुर्चीत. म्हणून तिला ओली ठेवली. मग एक दिवस मला न विचारता तू जाहिरात टाकलीस."

"तुला खूश करायला."

"माहितीय. म्हणून तर काही बोलता आलं नाही." तिने तूरूनकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मिस्कील झाक आली. "आज सकाळी मात्र दोन खेपा जास्त केल्या. तू येणार हे ठाऊक होतं. सौदे मोडतेस असं ऐकलं होतं."

सिक्स्तेनने कुबडी उचलली, पुन्हा खाली ठेवली, नाक शिंकरलं. "त्या पायऱ्यांवरून," तो म्हणाला, "निसरड्या पायऱ्यांवरून. पडली असतीस तर?"

"वाळू टाकलेली असते रोज."

"कोण टाकतं?"

योर्दिसने कुंपणाच्या दिशेने हनुवटी उडवली. सिक्स्तेनचे कान लाल झाले.

६

तूरूनने तरीही बोट पूर्ण तपासली. त्याचेच तर पैसे घेतले होते. छोट्या हातोडीने ती बोटीची एकेक लाकडी बरगडी ठोकत गेली आणि एलिनोर डोळे मिटून ऐकत राहिली.

"ही," एलिनोर मध्येच म्हणाली. "हिचा सूर उतरलाय."

तूरूनने पुन्हा ठोकलं, मग टोचणी घातली. बरगडी आतून चिरलेली होती. तिच्या स्वतःच्या कानाला ते कळलं नव्हतं.

"ही एक बदलावी लागेल," तिने घरात येऊन सांगितलं. "बाकी बोट धडधाकट आहे. तळ तर कपासारखा बंद आहे. मी एलिनोरला घे म्हणून सांगेन."

ही चांगली बातमी होती, आणि ती ऐकून तिघांचेही चेहरे पडले. एलिनोर टोपी कुरवाळत उभी राहिली. "मला ती हवीय," ती म्हणाली. "पण आता तुमच्याकडून कशी घेऊ? आणि खरं सांगायचं तर गाठ मारताना मला अजून पुस्तक उघडावं लागतं."

"मला गाठी झोपेत येतात," सिक्स्तेन म्हणाला. "दोरी ओढायला मात्र मनाई आहे. डॉक्टरची."

दोघंही आपापल्या पायांकडे बघत राहिले. योर्दिसने दोघांकडे पाहिलं, मग तूरूनकडे, जणू या बेटावर अक्कल असलेलं माणूस शोधत होती.

"अर्धी विक तिला," ती म्हणाली. "हिचे हात, तुझं डोकं. आणि दोघंही माझ्या स्वयंपाकघराबाहेर."

एलिनोरची दुपारची फेरी चुकली. अर्ध्या बोटीची किंमत ठरवायला पूर्ण बोटीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण या व्यवहारात सिक्स्तेन सारखा कमी सांगत होता आणि एलिनोर सारखी जास्त.

बरगडी बदलल्यावर, मेच्या एका लख्ख सकाळी, तूरून पुन्हा बेटावर आली. बोलावलं कोणी नव्हतं. तिला तळाबद्दल आपलं म्हणणं खरं ठरतंय का ते बघायचं होतं. एलिनोर हजर होती, योर्दिस हजर होती, कॅफे बंद ठेवून ओसियानसुद्धा आला होता आणि बोटीच्या लांबीचा अंदाज घेत होता. सगळ्यांनी खांदा लावून पाहिला. टेर्ना घोड्यांवरून तसूभरही हलली नाही.

"एक माणूस कमी पडतोय," ओसियान म्हणाला.

सिक्स्तेनने समुद्राकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. मग कुबडी टेकली. आता एकच उरली होती. तो तूरूनला म्हणाला, "जरा चल माझ्याबरोबर. चढ आहे."

चढ अजिबात नव्हता. कुंपण ओलांडून दोघं पिवळ्या घराच्या पायरीशी आले. सिक्स्तेन दारासमोर उभा राहिला आणि त्याने घसा खाकरला, पुन्हा खाकरला. वाटेत जुळवलेलं भाषण विसरला आहे हे तूरूनला स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्याने दार ठोठावलं.

दार लगेच उघडलं. आल्वारने मान वाकवून बाहेर पाहिलं.

"वाळू," सिक्स्तेन म्हणाला. "पायऱ्यांवरची. तू टाकायचास."

"टाकायचो."

"बोट पाण्यात घालायची आहे, आल्वार."

"दिसतंय," आल्वार म्हणाला आणि दार ओढून घेत बाहेर आला. हातात मोजे होते, आणि गुडघ्यापर्यंतचे बूट त्याने आधीच चढवलेले होते.